पोथीची बॅटरी

आमच्या घरात माझी ख्याती एकच. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणारा माणूस. कुणी न्हाणीघरातून बाहेर पाऊल टाकायच्या आत मी बटण खाली करतो, आणि पाहुणे पाणी प्यायला उठले की त्यांच्या डोक्यावरचा पंखा थांबतो. बायको म्हणते, हा माणूस स्वर्गात गेला तर आधी सूर्याचं बटण शोधेल. मला त्याची लाज नाही. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, ऊर्जेची बचत हा माझा धडा आहे, आणि जो शिकवतो तो मी घरीही पाळतो.

शाळा अक्कलकुव्याला, घर तापीकाठच्या गावात, शहाद्याच्या अलीकडे. सोमवार ते शनिवार तिकडे खोली करून राहायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की बस पकडायची, तळोद्याला चहा, संध्याकाळच्या आत घरी. या प्रवासासाठी मी ई-रीडर घेतला. डब्यावर लिहिलं होतं, एकदा चार्ज करा आणि कित्येक आठवडे वाचा. त्या एका वाक्यावर मी पाघळलो. माझा मोबाइल डोंगराच्या बाजूला गेला की टॉवर शोधून शोधून दुपारीच मान टाकतो, त्यामुळे आठवडाभर न मरणारी वस्तू मला जवळपास चमत्कार वाटत होती.

ती माझ्याकडे जेमतेम दोन महिने टिकली. जूनमध्ये एका रविवारी आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "ह्यानं अक्षर मोठं व्हस का?" मी मोठं करून दाखवलं. आणखी मोठं केलं. अक्षर हरभऱ्याएवढं झालं तेव्हा तिने माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि दुसरा प्रश्न केला, "ह्यामा पोथी येस का?"

इथे पोथीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज दुपारी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बायकांची पोथी असते. जेवणं आटोपली की तीन वाजता बसायचं, एक अध्याय ऐकायचा, आरती करायची आणि चुली पेटवायला घरी जायचं. वाचणारी एकच. गेली अठरा वर्षं ती माझी आई. तिचं शिक्षण सातवी, पण ओवी अशी वाचते की शेवटच्या रांगेतली डुलकी घेणारी बाईसुद्धा दचकून हात जोडते. या पोथीचा एक नियम आहे, तो कुणी केला कोण जाणे, पण मोडायची हिंमत कुणाची नाही. सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही. वाचणारीला जमलं नाही तर दुसरीने तिथून पुढे वाचायचं, आणि मग पोथी त्या दुसरीकडेच राहायची, कायमची.

ही दुसरी बाईही तयार होती. आमच्या शेजारच्या काकू. गेल्या वर्षी आईची ओळ दोनदा चुकली, तेव्हापासून काकू रोज पिशवीत स्वतःची छापील पोथी घेऊनच मंडपात बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. पिशवी मात्र मांडीवरच असायची. आईने त्या वर्षात बाजारातला तयार चष्मा दोनदा बदलला, भिंग आणलं, खिडकीशेजारची जागा धरली, आणि तरीही श्रावणापर्यंत निभेल की नाही याची तिला खात्री नव्हती. वडील गेल्यापासून दुपारचा तो एक तास तिच्या दिवसाचा खांब होता. तो काकूंच्या पिशवीत गेला असता तर तिने तोंडाने काही म्हटलं नसतं, पण ती खचली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेव्हा मी शोधाशोध करून पोथीची फाईल मिळवली, यंत्रात घातली, आणि आषाढीला आईने ते मंडपात नेलं. मी सोबत दिलेलं कव्हर तिने आधी काढून ठेवलं. ते रेक्झिनचं आहे असं मी शपथेवर सांगितलं, पण चामड्यासारखं दिसतं ते चामडंच, असा निकाल झाला. पोथी लाल खारव्याच्या कापडात गुंडाळली गेली आणि देव्हाऱ्यात जाऊन बसली. मोठ्या अक्षरांत आईने पहिला अध्याय घडाघडा वाचला. काकूंनी पिशवी जवळच ठेवली आणि जाताना म्हणाल्या, "मन्ही पोथीले चार्जर लागत नही, बहीन."

त्यांच्या जिभेवर काळा तीळ असावा.

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात, मी नववीला परावर्तन शिकवत असताना, बायकोचा फोन आला. वर्गात मी फोन उचलत नाही, पण तिने लागोपाठ तीन वेळा केला म्हणून बाहेर आलो.

"आहो, पोथी मरी गयी!"

"म्हणजे?"

"बॅटरी गयी, अर्धा अध्यायमा. चार्जिंगले लायेल शे. बायका गाना म्हनी ऱ्हायन्यात."

झालं होतं असं की पडदा ऐन मध्यावर गप्प झाला. काकूंचा हात पिशवीत गेला. आई आसनावरून हलली नाही. तिने डोळे मिटून गाणं सुरू केलं, बायकांना वाटलं अध्यायातलंच आहे, त्यांनी ओढून धरलं. बायकोने तेवढ्यात यंत्र मंदिरातल्या एकुलत्या एक प्लगला लावलं. तो प्लग आरतीच्या वेळी आपोआप नगारा-घंटा वाजवणाऱ्या मशीनचा. अर्ध्या तासाने पडद्यावर चार टक्के उगवले आणि आईने उरलेल्या ओव्या एका दमात संपवल्या. आसन सोडलं नव्हतं, म्हणजे अध्याय सोडला नव्हता, असं मंदिराच्या पुजाऱ्यांनी सांगितलं आणि काकूंना ते मानावं लागलं.

मला मात्र हा माझ्या धड्याचा अपमान वाटला. रविवारी मी भरून दिलेली कित्येक आठवड्यांची बॅटरी पाच दिवसांत संपते म्हणजे काय? शनिवारी घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता मी यंत्र मांडीवर घेऊन बसलो. पहिला गुन्हेगार लगेच सापडला. वायफाय चालू होतं. आमच्या गल्लीत वायफाय कुणाकडेच नाही, आणि बिचारं यंत्र दिवसरात्र ते हुडकत बसलं होतं. ते बंद केलं. दुसरा गुन्हेगार मीच निघालो. उन्हाळ्यात मी हावरटासारखी शंभरेक पुस्तकं त्यात कोंबली होती, आणि अशी नवी पुस्तकं भरली की यंत्र आतल्या आत त्यांची सूची करत बसतं, तिच्यात बॅटरी जाते. न वाचलेली सगळी काढून टाकली. समईशेजारी ठेवायची मनाई केली, कारण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि शेवटी प्रकाश पाहिला. तो शून्यापासून चोवीसपर्यंत करता येतो. आईच्या यंत्रावर चोवीस होता.

"भरदुपारी तीन वाजता चोवीस?" मी ओरडलोच. "कुणी केलं हे?"

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "माले काय समजस त्यामा? मी बोट लावस, पान फिरस."

कुण्या बाईचं बोट लागलं असणार, असं मी धरलं. प्रकाश पाचवर आणला. मग चार्जिंगची वायर लावायला गेलो तर ती आत जाईना; मंदिरात बायकोने ती कशी रेटून बसवली तिलाच ठाऊक. टॉर्च मारून पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. चार्जिंगचं भोक हळदी-कुंकवाने गच्च भरलं होतं. पोथीला रोज हळदी-कुंकू वाहायची रीत आहे. काचेला कुणी बोट लावायचं नाही, असा मीच आषाढीला दम भरला होता. बायकांनी तो इमानदारीने पाळला. काच सोडून त्यांनी खालच्या कडेला हळदी-कुंकू वाहिलं, आणि भोक नेमकं त्याच कडेला. चाळीस बायका, रोज. मी यंत्र बंद करून दात कोरायच्या काडीने तासभर ते कोरत बसलो. वाटीत जमलेला रंग बायकोने तुळशीत टाकला, प्रसाद फेकू नये म्हणून.

रविवारी मंडपात जाऊन मी जाहीर केलं की रोग सापडला आहे आणि आता पोथी तीन आठवडे चार्जरचं तोंड पाहणार नाही. हळदी-कुंकवासाठी यंत्राखाली एक पाट दिला, काय वाहायचं ते पाटाला. बायकांनी मान डोलावली. सोमवारी पहाटेच्या बसमध्ये मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढच्या शनिवारी घरी आलो तर बॅटरी सहा टक्के, प्रकाश चोवीस.

मग मी शिक्षक करतो ते केलं. वही घेतली आणि निरीक्षणाचा तक्ता आखला. वार, टक्के, वायफाय, प्रकाश, शेरा. आठवडाभर बायको फोनवर टक्के सांगायची, मी खोलीवर लिहायचो. रविवारी मी पाच करून जायचो आणि शनिवारी चोवीस सापडायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी एकदा 'काकू?' असं लिहिलं, कारण दुसरा कुणी संशयित नव्हता आणि त्यांच्या मांडीवरची पिशवी मला खुपत होती. एका रविवारी तर मी आईला चक्क सुनावलं. म्हटलं, यंत्र समोर ठेवून इकडेतिकडे बघत जाऊ नको, कुणीतरी येऊन प्रकाश वाढवतं आणि तुला पत्ता नाही. वाचताना तुझं लक्ष असतं कुठे? तिने नुसतं यंत्र घेतलं आणि कापडात गुंडाळलं. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती आणि भाकरी जरुरीपेक्षा जास्त जोरात थापत होती. हे मला दिसलं, पण मी ते तक्त्यात लिहिलं नाही.

पोळ्याला आठवड्याच्या मधलीच सुट्टी आली. मी कुणाला न सांगता आलो आणि घरी न जाता थेट मंडपात मागच्या खांबाशी जाऊन बसलो. काकूंना रंगेहाथ पकडायचा माझा बेत होता.

काकू जागच्या हलल्या नाहीत. यंत्राजवळ कुणीच गेलं नाही. आईने नमस्कार केला, कापड सोडलं, आणि बोट पडद्याच्या वरच्या कडेवरून सराईतपणे खाली ओढलं. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. एका खुणेवर बोट ठेवून उजवीकडे नेलं आणि यंत्राचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. मग ती वाचायला लागली. अर्धी ओवी वाचायची, पान उलटायची. पुन्हा अर्धी, पुन्हा पान. आषाढात एका पानावर चार ओव्या मावत होत्या, ते मी स्वतः मोजून लावलं होतं.

या यंत्राची गंमत अशी की पान नुसतं दिसत राहायला वीज जवळपास लागत नाही. ती लागते पान उलटताना. हे मला ठाऊक होतं, मुलांनाही मी सांगितलं होतं. दीडशे ओव्यांच्या अध्यायाला चाळीस पानं पुरायची, तिथे ती तीनशे वेळा बोट लावत होती. आणि मंडपात त्या दिवशी एवढं लख्ख ऊन आलं होतं की मला फरशीवरच्या मुंग्या दिसत होत्या, तरी ती नाक पडद्याला टेकेल एवढी वाकली होती. अक्षर आता हरभऱ्याएवढं नव्हतं. बोराएवढं होतं.

काकूंचा नाही, यंत्राचा नाही, कुणाचाच दोष नव्हता. माझ्या आईला दिसत नव्हतं. आणि मी दर रविवारी तिचा दिवा बंद करून जात होतो.

मला तिथेच रडू आलं. खांबाआड होतो म्हणून निभावलं.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, तेव्हा तिने परात खाली ठेवली. पडद्यावर वर प्रकाशाची खूण असते, खाली अक्षराची, हे तिनेच आईला शिकवलं होतं, आणि आईने तिच्याकडून विठ्ठलाची शपथ घेतली होती की पोथी संपेपर्यंत मला सांगायचं नाही. मी इतका चिडलो की कुणावर चिडलोय तेच कळेना. आई मागे येऊन उभी होती.

"डोळ्यांचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुले सांगं असतं तर तू माले दवाखानामा टाकी देता, पोथी कोन वाचतं? काकू?" तिने नाक उडवलं. "तू लाईट कमी करीसन जास, मी रोज थोडा थोडा परत वाढाई लेस. मन्हं काही अडत नव्हतं."

"आणि मी ओरडलो तेव्हा?"

"मास्तर शे तू. वरडनारच."

मी तिचा हात धरला आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून, पोथीच्या वेळेत परतायच्या बोलीवर, नंदुरबारला घेऊन गेलो. गाडीत ती एकच वाक्य घोकत होती, "पोथी पुरी हुई जाऊ दे, मंग डोया काय, आख्खं मुंडकं काढी ले." डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. बाकी डोळा ठणठणीत. ते म्हणाले, यांना वर्षभरापूर्वीच आणायला हवं होतं. तिला हरभऱ्याएवढी अक्षरं दिली आणि डोळे तपासायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. कार्तिकीपर्यंत थांबलं तर चालेल का, हा प्रश्न मी विचारायच्या आत तिनेच विचारला. डॉक्टर हसले आणि चालेल म्हणाले.

मग बॅटरी वाचवायचा माझा कार्यक्रम मी गुंडाळला. तक्त्याची वही माळ्यावर टाकली. शहाद्यातून वीस फूट वायर आणली आणि नगाऱ्याच्या मशीनच्या प्लगपासून आईच्या आसनापर्यंत ओढली. यंत्र दुपारी चार्जिंगवर ठेवूनच वाचायचं, अक्षर बोराएवढं, प्रकाश चोवीस, आणि रविवारी तो मी स्वतः लावून द्यायचो. पहिल्या दिवशी कुणाचा तरी पाय वायरला अडखळला आणि प्लग निघाला. तेव्हापासून काकू वायरवर बसायला लागल्या. त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, वायर पदराखाली घेतली आणि कार्तिकीपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मी एकदा शरमेने त्यांना म्हटलं की काकू, तुमच्यावर मी उगाच संशय घेतला होता. त्या म्हणाल्या, "बरं करं. मी बी वाटच देखी ऱ्हायंती. पन इतलं डोकं लायीसन वाचनारीनं आसन कोन घेई?"

कार्तिकीला शेवटचा अध्याय आईने सलग वाचला. आरतीला मशीन लावायचं तर रोजच्यासारखी वायर काढावी लागणार होती. पुजारी म्हणाले, आज राहू द्या, आणि बायकांनी टाळ्यांवर आरती म्हटली.

डोळ्यांची ऑपरेशनं एका महिन्याच्या अंतराने झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटून हिरवा चष्माही उतरला त्या रविवारी मी ई-रीडर तिच्या हातात दिला. देण्याआधी माझं बोट सवयीने वरून खाली गेलं आणि प्रकाश चोवीसवर ठेवून आलं. ती खिडकीशी बसली होती. तिने पडदा नाकापासून हातभर लांब धरला, मग आणखी थोडा लांब नेला. अक्षर कमी केलं, पुन्हा कमी केलं, आणि पानावर चार ओव्या आल्यावर थांबली. मनात वाचत होती, ओठ हलत होते.

मी बघत उभा राहिलो. तिने वर पाहिलं, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, बहुतेक वर्षभरात पहिल्यांदाच, आणि कपाळाला आठी घातली. बोटाने प्रकाश खाली आणत आणत पाचवर नेला.

"दिवसाढवळ्या इतला लाईट कसाले रे?" ती म्हणाली. "बॅटरी फुकट जाई ऱ्हायनी ना!"